सहा गठ्ठा पद्धत, अभिलेख वर्गीकरण आणि झिरो पेंडन्सी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तहसील, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद अशा कार्यालयांतून दप्तर-सुधारणेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. रॅकला रंग, नव्या कापडाचे बस्ते आणि उद्घाटनाचे फोटो यांनी एकही अर्ज लवकर निकाली निघत नाही. दर आठवड्याला दप्तर उघडून पाहणारा अधिकारी असेल तरच ही पद्धत टिकते.

१. ‘लखिना पॅटर्न’, ‘सहा गठ्ठा पद्धत’ आणि ‘झिरो पेंडन्सी’ हे सगळं एकच का?

नाही, पण तिन्हींचा रोख एकाच दुखण्यावर, साचत जाणाऱ्या कागदांवर, आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना त्यांनी कर्मचाऱ्यांची बसण्याची व्यवस्था, कामाची वाटणी आणि अभिलेख कक्ष (जुने दप्तर ठेवायची खोली) यांची नव्याने घडी बसवली. तीच पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. सहा गठ्ठे हे एका टेबलापुरते, म्हणजे एका संकलनापुरते साधन आहे: टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी कुठल्या तरी एकाच गठ्ठ्यात असला पाहिजे. ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ (शिल्लक शून्य, निपटारा रोज) ही मोहीम २०१७मध्ये पुणे विभागात विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या काळात सुरू झाली. तिच्यात जुन्या अभिलेखांची छाननी आणि आलेला कागद त्याच दिवशी हाताळणे, ही दोन्ही कामे एकत्र बांधली होती. २०२५च्या १०० दिवसांच्या कार्यक्रमात सरकारी कार्यालयांसाठी जो सात कलमी आराखडा आला, त्यातल्या कार्यालयीन स्वच्छतेच्या निमित्ताने हा विषय पुन्हा सगळ्यांच्या टेबलावर आला.

२. सहा गठ्ठे नेमके कोणते? आमच्याकडे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

१) प्रलंबित प्रकरणे. ज्यावर आज तुम्हालाच काही करायचे आहे.
२) प्रतीक्षाधीन प्रकरणे. तुमचे पत्र गेले आहे, उत्तर दुसऱ्याकडून यायचे आहे.
३) नियतकालिके. साप्ताहिक, मासिक, त्रैमासिक विवरणपत्रे.
४) स्थायी आदेश संचिका. तुमच्या विषयाचे शासन निर्णय, परिपत्रके, आदेश.
५) अभिलेख कक्षात पाठवायच्या नस्त्या (फाइली). निकाली निघालेली आणि वर्ग (प्रश्न ३) ठरवलेली प्रकरणे.
६) ‘ड’ वर्गाचे कागद. मुदत संपली की नष्ट करायचे.

घोळ होतो तो पहिल्या दोन गठ्ठ्यांत. एखादे प्रकरण दोन महिने हललेले नसले तरी त्यावर पुढचे पाऊल तुमचे असेल तर ते पहिल्याच गठ्ठ्यात राहते. ‘साहेबांशी चर्चा करायची आहे’ म्हणून ते प्रतीक्षाधीन होत नाही. प्रतीक्षाधीन व्हायला जावक क्रमांक लागतो (प्रश्न ७).

चौथा गठ्ठा बहुतेक ठिकाणी नुसता जाडजूड असतो. त्याच्या पहिल्या पानावर अनुक्रमणिका लावा आणि रद्द झालेल्या परिपत्रकावर ‘अधिक्रमित’ असे लिहून नव्याचा दिनांक टाका. नव्याने बदलून आलेला लिपिक पहिला आठवडा याच संचिकेच्या जोरावर काढतो. जिथे ती नसते तिथे तो शेजारच्या टेबलाला विचारून काढतो, आणि शेजारचाही अंदाजानेच सांगतो.

३. अ, ब, क, ड वर्ग म्हणजे किती वर्षं?

अ वर्ग कायमस्वरूपी. ब वर्ग ३० वर्षे. क-१ वर्ग १० वर्षे. क वर्ग ५ वर्षे. ड वर्ग १ वर्ष. कोणता विषय कुठल्या वर्गात जातो हे मात्र तुमच्या विभागाच्या अनुसूचीवर ठरते, टेबलावरच्या माणसाच्या अंदाजावर नाही. ती अनुसूची हाताशी नसेल तर आधी ती मिळवा, गठ्ठे नंतर सोडा.

मुदत मोजायची ती नस्ती उघडल्याच्या तारखेपासून नव्हे, अंतिम कार्यवाही होऊन ती बंद झाल्यापासून. २०१४ला उघडलेली आणि २०१८ला बंद झालेली क वर्गाची नस्ती २०१९ला नष्ट करायला निघालेले लोक असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

४. सुरुवात कुठून करायची? अभिलेख कक्षापासून की चालू टेबलापासून?

चालू टेबलापासून. बहुतेक मोहिमा उलट्या चालतात, कारण जुन्या दप्तराचा ढीग डोळ्यांत भरतो आणि तो हलवला की फरक लगेच दिसतो. पण टेबलावरून रोज निकाली नस्त्या वर्ग न ठरवताच खाली जात असतील तर साफ केलेला कक्ष वर्षभरात पुन्हा भरतो.

आमचा क्रम असा. पहिल्या आठवड्यात एकच संकलन निवडा. जिथला अव्वल कारकून मुरलेला आहे आणि ज्याचे बाकीचे ऐकतात, ते संकलन. नव्याने रुजू झालेल्या लिपिकाकडे प्रयोग सोपवू नका. त्याचा प्रयोग यशस्वी झाला तरी बाकीचे म्हणतात, ‘त्याच्याकडे कामच काय आहे?’ त्या टेबलाचे सगळे कागद, कपाटातले, खणातले आणि खुर्चीमागच्या खिडकीतलेसुद्धा, एका मोठ्या टेबलावर काढा आणि सहा भाग करा. त्याच दिवशी प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांची यादी करून तीवर संकलन लिपिक आणि शाखाप्रमुख दोघांची सही घ्या. ही यादी म्हणजे तुमची आरंभीची शिल्लक. ती नसेल तर पुढे कमी झाले की वाढले हे कळायला मार्गच उरत नाही.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात साप्ताहिक गोषवारा सुरू करा (प्रश्न ६). तो सलग तीन सोमवार वेळेवर आला की मगच दुसरे संकलन घ्या. अभिलेख कक्ष त्यानंतर.

५. माणसं अपुरी आहेत. जुन्या दप्तराला किती दिवस लागतील हे कसं ठरवायचं?

अंदाज करू नका, नमुना काढा. एक अनुभवी आणि एक नवा अशा दोघांना एक तास बसवा आणि प्रत्येकी किती नस्त्या पूर्ण झाल्या ते मोजा. पूर्ण म्हणजे नस्ती उघडली, पाने क्रमाने लावली, ड वर्गाचे कागद वेगळे काढले, पृष्ठांकन केले (पानांना क्रमांक घातले), वर्ग लिहिला आणि यादीत नोंद घेतली. समजा तासाला माणशी १२ नस्त्या झाल्या आणि कक्षात ३,६०० नस्त्या आहेत. म्हणजे ३०० माणूस-तास. चौघांनी रोज दुपारी ३ ते ४ बसायचे ठरवले तर ७५ कामाचे दिवस, पाच दिवसांच्या आठवड्यात १५ आठवडे. यात रजा, निवडणुकीचे काम, अधिवेशन काळ धरलेला नाही, तेव्हा पाच महिने सांगा.

शनिवार-रविवारच्या श्रमदानावर सगळी मदार ठेवू नका. पहिल्या रविवारी सगळे येतात, चहा-वडापाव होतो, तिसऱ्या रविवारी शिपाई आणि एक लिपिक उरतात. रोजचा एक ठरलेला तास कंटाळवाणा असतो, पण काम त्यानेच संपते. त्या तासात भेटायला आलेल्यांसाठी एक माणूस बाहेर ठेवा, नाहीतर दारावरच्या ‘भेटीची वेळ’ फलकाला अर्थ राहत नाही.

६. कार्यविवरण नोंदवही आणि साप्ताहिक गोषवारा कसा भरायचा? तपासताना काय बघायचं?

कार्यविवरण नोंदवहीत टेबलावर आलेल्या प्रत्येक टपालाची एक ओळ असते: आवक क्रमांक, मिळाल्याचा दिनांक, कोणाकडून, विषय, काय कार्यवाही केली, निर्गतीचा (निकाली काढल्याचा) दिनांक. आठवड्याच्या शेवटी तिच्यावरून गोषवारा निघतो आणि तो सोमवारी सकाळी अधिकाऱ्यापुढे जातो.

उदाहरणासाठी एका टेबलाचे आकडे घ्या. मागील शिल्लक ६४, आठवड्यातील आवक ४१, एकूण १०५. निर्गत ३८. शिल्लक ६७. या ६७ची वयवार फोड: ७ दिवसांच्या आतील २२, ८ ते ३० दिवस २५, १ ते ३ महिने १३, ३ महिन्यांवरील ७.

बहुतेक अधिकारी ‘निर्गत ३८’ पाहून सही करतात. पाहायच्या गोष्टी दोन आहेत. पहिली, आवक आणि निर्गत यांतला फरक. इथे दर आठवड्याला तीनची भर पडते आहे, म्हणजे हा लिपिक मान मोडून काम करत असला तरी त्याचा ढीग वाढतच जाणार. जुनी ६४ची शिल्लक ८ आठवड्यांत संपवायची असेल तर आठवड्याला ४१ अधिक ८, म्हणजे ४९ निर्गत लागते. आजच्यापेक्षा ११ जास्त. ती ११ कुठून येणार याचे उत्तर ‘जास्त मेहनत करा’ असे असू शकत नाही. एक तर आवक कमी व्हायला हवी (चुकीच्या टेबलावर येणारे टपाल, एकाच माहितीची तीन कार्यालयांना तीन नमुन्यांत द्यायची विवरणपत्रे), नाहीतर प्रत्येक नस्तीचे सह्यांचे टप्पे कमी व्हायला हवेत (प्रश्न ९), नाहीतर कामाची फेरवाटणी.

दुसरी गोष्ट, ३ महिन्यांवरील ती सात. दर सोमवारी फक्त ही सात नस्त्या हातात मागवा. यादी नको, नस्त्याच हव्यात. शेवटची टिपणी उघडा, तिचा दिनांक वाचा आणि पुढचे पाऊल कोणाचे ते विचारा. सात नस्त्यांना पाऊण तास लागतो. यातल्या निम्म्या तरी कुणीतरी निर्णय घ्यायला कचरल्यामुळे पडून असतात, आणि त्यावर तिथल्या तिथे आदेश देता येतो.

७. प्रतीक्षाधीन गठ्ठा फुगत चाललाय. प्रलंबित कमी दिसतं पण लोकांच्या तक्रारी तेवढ्याच.

मग पहिल्या गठ्ठ्यातला माल दुसऱ्यात सरकवला जातो आहे. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात नस्ती ठेवायला तीन अटी घाला: जावक क्रमांक व दिनांक असलेले पत्र, ज्याच्याकडून उत्तर हवे त्याचे पदनाम, आणि पुढच्या पाठपुराव्याची तारीख. तिन्हींपैकी एक नसेल तर नस्ती परत पहिल्या गठ्ठ्यात.

नस्त्या विषयवार न लावता पाठपुराव्याच्या तारखेप्रमाणे लावा. १ ते ३१ असे खण किंवा पुठ्ठे केले तर आज १२ तारीख म्हणजे १२चा खण उघडायचा, एवढेच काम. पहिले स्मरणपत्र १५ दिवसांनी, दुसरे आणखी १५ दिवसांनी, त्यानंतर अधिकाऱ्याच्या सहीचे अर्धशासकीय (समोरच्या अधिकाऱ्याला नावाने लिहिलेले) पत्र, असा क्रम पुरतो. चौथे, पाचवे, सहावे स्मरणपत्र म्हणजे नुसता टपालखर्च. एक फोन करा आणि त्याची नोंद टिपणीत घ्या.

मागवलेली माहिती आपल्याच कार्यालयाच्या दुसऱ्या शाखेत असते, असेही कितीदा आढळते. शाखा-शाखांत पत्रव्यवहार करू नका, उठून जा.

८. कायद्यानं फाईल किती दिवस ठेवता येते?

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५चा अधिनियम, कलम १०: सर्वसाधारण नस्ती कोणत्याही कर्मचाऱ्याकडे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तात्काळ नस्ती शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची ४ दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, पाठवावी लागत असेल तर ३ महिन्यांत. जाणूनबुजून किंवा सवयीने विलंब करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

कलम ११मध्ये अपवाद आहेत: न्यायप्रविष्ट आणि अर्धन्यायिक प्रकरणे, लोकायुक्त व आयोगांकडची प्रकरणे, केंद्र वा अन्य राज्यांशी संबंधित, कायदे करण्याबाबतची, आणि मोठ्या धोरणात्मक निर्णयांची प्रकरणे. मात्र ‘न्यायप्रविष्ट’ हा शिक्का सैल हाताने मारला जातो. दावा जमिनीच्या एका गटाचा असतो आणि नस्ती शेजारच्या गटाचीही थांबवलेली असते. स्थगिती आदेश उघडून वाचा, स्थगिती कशाला आहे ते पाहा.

७ दिवस हे कामाचे दिवस आहेत. २९ फेब्रुवारी २०२०पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा मधली शनिवार-रविवारची सुटी वगळून मोजा.

ज्या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५खाली अधिसूचित आहेत त्यांची मुदत वेगळी, सेवेनुसार ठरलेली आहे आणि तिला ४५ दिवसांचा नियम लावून चालत नाही. तिथे विलंब झाला तर पदनिर्देशित (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते.

९. एका नस्तीवर सह्यांचे टप्पे किती असावेत?

जास्तीत जास्त तीन, अपवादाने चार. पण आकडा सांगून कुणी टप्पा सोडत नाही, पुरावा दाखवावा लागतो. त्यासाठी एका विषयाच्या नुकत्याच निकाली निघालेल्या २० नस्त्या काढा. प्रत्येक टप्प्यावर काय घडले ते टिपणी विभागातून (नस्तीतल्या टिपण्यांच्या पानांवरून) लिहून काढा: मजकूर बदलला, त्रुटी काढली, की नुसते ‘मान्यतेस्तव सादर’ लिहून सही केली? २०पैकी १८ नस्त्यांत एखाद्या टप्प्यावर सहीपलीकडे काही घडले नसेल तर तो टप्पा त्या विषयापुरता काढता येतो. राहिलेल्या दोन नस्त्या कशा होत्या ते पाहा. त्या मोठ्या रकमेच्या किंवा वादाच्या असतील तर तेवढ्या प्रकारांसाठी टप्पा ठेवा.

हे तोंडी ठरवून उपयोग नाही. अधिकार प्रदान केल्याचा लेखी आदेश काढा, विषय आणि रकमेच्या मर्यादेसह. वर उल्लेखलेल्या २००५च्या अधिनियमात प्रदान केलेल्या अधिकारांची यादी प्रसिद्ध करायची तरतूद कलम ९मध्ये आहेच. कायद्याने विशिष्ट अधिकाऱ्यालाच दिलेले अर्धन्यायिक अधिकार मात्र असे खाली देता येत नाहीत.

आणखी एक खाच. टप्पा काढला की ज्याची सही गेली तो नाराज होतो, आणि मग नस्ती ‘अवलोकनार्थ’ म्हणून मागवू लागतो. आदेशातच लिहा की त्याला महिन्यातून एकदा निकाली प्रकरणांची यादी मिळेल.

१०. कर्मचारी विरोध करतात. ‘आधीच काम काय कमी आहे’ म्हणतात.

काम वाढते ही तक्रार पहिल्या दोन महिन्यांपुरती खरी आहे, ती मान्य करून टाका. पण विरोधामागचे मोठे कारण बहुधा कुणी बोलून दाखवत नाही. गठ्ठे सुटले की जुने निघते: न उत्तरलेले पत्र, गहाळ पान, पाच वर्षांपूर्वी द्यायला हवा असलेला दाखला. ज्याच्या टेबलावर ते निघते त्यालाच खुलासा मागितला जाणार, ही भीती असते, आणि ती निराधार नसते.

म्हणून मोहिमेच्या आरंभीच कार्यालयप्रमुखाने लेखी सांगावे: पहिल्या ३० दिवसांत स्वतःहून यादीत दाखवलेल्या जुन्या प्रलंबित कागदाबद्दल ‘कारणे दाखवा’ नोटीस निघणार नाही, तो निकाली कसा काढायचा एवढेच पाहिले जाईल. यातून अपहार, बनावट कागद, मुद्दाम दडवलेली नस्ती वगळलेली असेल हेही त्याच परिपत्रकात लिहा. ती माफ करायचा अधिकार कार्यालयप्रमुखाला नाही. ३० दिवसांनंतर लपवलेला कागद सापडला तर मात्र नेहमीची कारवाई.

हे परिपत्रक निघाले की पहिल्या आठवड्यात प्रलंबित आकडा वाढतो. वाढायलाच हवा. तेव्हा वरिष्ठ कार्यालयाने ‘मोहीम सुरू झाल्यावर पेंडन्सी वाढली कशी?’ असे पत्र धाडले तर पुढे सगळे खरे आकडे बंद होतात. वरिष्ठांना ही वाढ आधीच कळवून ठेवा.

११. ‘ड’ वर्गाचे कागद नष्ट करताना कोणाची परवानगी लागते? नंतर अंगाशी येईल का?

प्रक्रिया पाळली तर नाही. यादी करा (नस्ती क्रमांक, विषय, बंद झाल्याचा दिनांक, वर्ग, मुदत संपल्याचा दिनांक). शाखाप्रमुखाने यादी नस्त्यांशी पडताळावी, कार्यालयप्रमुखाची लेखी मंजुरी घ्यावी आणि तुमच्या कार्यालयाचे अभिलेख अधिकारी नेमलेले असतील तर त्यांनाही दाखवावी. कागद यंत्राने बारीक कापून मगच रद्दीला द्या. अख्खे गठ्ठे रद्दीवाल्याला दिले तर आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील असलेले अर्ज भेळेच्या पुड्यांवर फिरतात. नष्ट केलेल्यांची यादी मात्र जपून ठेवा, ती नष्ट करायची नसते.

मुदत संपली असली तरी पुढील कागदांना हात लावू नका:

- माहिती अधिकाराचा अर्ज किंवा अपील ज्यावर चालू आहे. मागितलेली माहिती नष्ट केली तर माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २०खाली जनमाहिती अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो.
- लेखापरीक्षणाचा आक्षेप निकाली निघालेला नाही.
- न्यायालयात प्रकरण आहे किंवा अपिलाची मुदत संपलेली नाही.
- विभागीय चौकशी किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा तपास चालू आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५खाली अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जुने, मोडी लिपीतले किंवा ब्रिटिशकालीन काही निघाले तर वर्ग ठरवायच्या भानगडीत न पडता पुराभिलेख संचालनालयाला कळवा.

१२. एकाच नस्तीत कायम ठेवायचा आदेश आणि वर्षभरात टाकायचे कागद दोन्ही असतील तर?

नस्तीचा वर्ग तिच्यातल्या सर्वांत वरच्या वर्गाच्या कागदावर ठरतो. आतले ड वर्गाचे कागद (पोचपावत्या, स्मरणपत्रांच्या स्थळप्रती (कार्यालयात ठेवलेल्या प्रती), दुबार छायाप्रती) वेगळे काढता येतात. पण ते पृष्ठांकनाच्या आधी. एकदा २३/प.वि. (पत्रव्यवहार विभाग) असे क्रमांक पडले आणि टिपणी विभागात त्यांचा संदर्भ आला की मधले पान काढल्यावर नस्ती संशयास्पद दिसते. अशा वेळी पान राहू द्या, चार कागदांनी कपाट भरत नाही.

कोऱ्या दिसणाऱ्या कागदाची मागची बाजू पाहिल्याशिवाय तो काढू नका. शेरे तिथेच असतात.

१३. वर्गीकरण करताना एखादी नस्ती सापडलीच नाही तर?

तिचे शेवटचे ठिकाण आवक-जावक आणि नस्ती हालचाल नोंदवहीवरून ठरवा, शोधाची लेखी नोंद करा आणि कार्यालयप्रमुखाला कळवा. नंतर पुनर्बांधणी: वरिष्ठ कार्यालय, ज्यांना प्रत पाठवली होती ती कार्यालये आणि स्वतः अर्जदार यांच्याकडून प्रती गोळा करून ‘पुनर्रचित’ असे ठळक लिहिलेली नवी नस्ती. जाणूनबुजून गायब केल्याचा संशय असेल तर पोलीस तक्रार.

‘नस्ती आढळून येत नाही’ एवढे उत्तर माहिती अधिकारात चालत नाही. माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९मध्ये दिली आहेत, त्यांत हे नाही.

१४. आता ई-ऑफिस आलंय. मग सहा गठ्ठ्यांची गरज काय?

पडद्यावर गठ्ठा दिसत नाही म्हणून तो नसतो असे नाही. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नस्ती-प्रणालीत, नस्ती कोणाकडे किती दिवस आहे हे आपोआप कळते, हालचाल नोंदवही वेगळी लागत नाही, मागच्या तारखेची टिपणी घुसवता येत नाही. हे तीन फायदे मोठे आहेत. पण प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन यांतला फरक प्रणाली स्वतः करत नाही, आणि चार टप्प्यांची नस्ती प्रणालीत टाकली तरी ती चारच टप्प्यांनी फिरते, फक्त पायऱ्या चढायला शिपाई लागत नाही. म्हणून टप्पे कमी करण्याचे काम (प्रश्न ९) ई-ऑफिसच्या आधी करा.

सर्वांत जास्त घोटाळा संक्रमणाच्या काळात होतो: टिपणी पडद्यावर, पत्रव्यवहार कागदावर. एक तारीख ठरवा. त्या दिवसापासून नवी नस्ती फक्त ई-ऑफिसमध्ये उघडायची आणि चालू कागदी नस्ती पुढच्या हालचालीच्या वेळी स्कॅन करून आत घ्यायची. कागदी नस्तीच्या शेवटच्या पानावर ई-नस्तीचा क्रमांक लिहून ती बंद करा. नंतर त्या कागदी नस्तीवर कुणी सही केली तर ती परत पाठवा, साहेबांची असली तरी. डिजिटल स्वाक्षरीची मुदत कधी संपते याची यादी आस्थापना शाखेकडे ठेवा, नाहीतर मार्चअखेरीस ती संपते आणि देयके अडकतात.

१५. स्कॅन झालं की मूळ कागद टाकून द्यायचा ना?

नाही. स्कॅनिंगमुळे वर्ग बदलत नाही. अ वर्गाचा मूळ कागद स्कॅन झाल्यावरही कायम राहतो. न्यायालयात सही-शिक्क्याचा वाद आला की मूळ प्रत मागितली जाते, आणि इलेक्ट्रॉनिक प्रत पुढे करायची तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते. २१ जून २०१२ला मंत्रालयाला लागलेल्या आगीने स्कॅन प्रत का हवी ते दाखवले. ती प्रत आगीपासूनचे संरक्षण आहे, मूळ कागदाला पर्याय नाही.

स्कॅनिंगचे काम ठेकेदाराकडे देताना करारात लिहा: आधी पृष्ठांकन, मग स्कॅन. दोन्ही बाजू. किमान ३०० डीपीआय. नकाशे वेगळ्या मोठ्या यंत्रावर. प्रत्येक गठ्ठ्यातून ठरावीक नस्त्या उघडून मूळ पानसंख्या आणि स्कॅन पानसंख्या जुळवल्याशिवाय देयक नाही. फाइलींची नावे ‘स्कॅन०००१’ अशी आली तर ते काम घेऊ नका, पुन्हा कुणालाही काही सापडत नाही.

१६. आकडे फुगवलेत की खरे, हे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं कसं ओळखायचं?

नोंदवहीपासून नव्हे, कागदापासून सुरुवात करा. कुठल्याही टेबलाच्या खणातून दहा कागद उचला आणि ते कार्यविवरण नोंदवहीत आहेत का ते पाहा. दहापैकी तीन नसतील तर त्या टेबलाचा गोषवारा वाचण्यात अर्थ नाही. मग ‘निर्गत’ दाखवलेल्यांपैकी दहा उघडा. अंतरिम उत्तर, ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ किंवा नुसते स्मरणपत्र यांना निर्गत म्हटलेले असेल तर ती प्रकरणे परत शिलकीत घ्या. ‘अग्रेषित’चा आजार विशेष आहे: तक्रार वरून खाली येते, ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच पोचते आणि सगळ्या टेबलांवर निकाली दिसते.

१७. साहेब बदलले की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. काय करायचं?

सर्वसाधारण पदावधी ३ वर्षांचा आहे, प्रत्यक्षात बदल्या त्याआधीही होतात, तेव्हा हे गृहीत धरूनच आखणी करा. उपयोगी पडणाऱ्या गोष्टी तीन. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत प्रलंबित, प्रतीक्षाधीन आणि ३ महिन्यांवरील प्रकरणांची संख्या घालणे सक्तीचे करा. नव्या अधिकाऱ्याला ती पहिल्याच दिवशी सहीसाठी येते. दुसरे, सोमवारचा गोषवारा साहेबांच्या नावे न मागवता कार्यालयीन आदेशाने पदनामाच्या नावे सुरू करा. तिसरे, गोषवाऱ्याचा एक तक्ता अर्जदारांना दिसेल असा बाहेर लावा. बाहेर लागलेला तक्ता बंद झाला की कुणीतरी विचारते.

नव्या साहेबांनी स्वतःची नवी मोहीम आणली तर तिला विरोध करू नका, तिच्या नमुन्यात हेच आकडे भरा.

१८. ग्रामपंचायत, शाळा किंवा सहकारी संस्थेत हे चालेल का?

सहा गठ्ठे कुठेही चालतात. वर्ग आणि मुदती मात्र तुमच्या नियमांप्रमाणे घ्या. ग्रामपंचायतीत नमुना १ ते ३३ ही वेगळीच रचना आहे. कर आकारणीचा नमुना ८ कधीही ‘जुना’ म्हणून बांधून ठेवू नका, घराच्या वादात लोक तोच मागायला येतात. एकच ग्रामपंचायत अधिकारी दोन गावे पाहत असेल तर गठ्ठे गाववार वेगळे ठेवा आणि गोषवारा एकत्र करा.

१९. मी नागरिक आहे. माझा अर्ज कुठल्या गठ्ठ्यात आहे हे मला विचारता येतं का?

येते. अर्ज दिल्याची पोच आणि आवक क्रमांक घ्या, त्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. सेवा अधिसूचित असेल तर मुदत संपल्यावर ३० दिवसांच्या आत लोकसेवा हक्क अधिनियमाखाली पहिले अपील करा. अधिसूचित नसेल तर माहिती अधिकारात एवढेच मागा: ‘आवक क्रमांक अमुक या अर्जाच्या नस्तीची टिपणी विभागासह प्रत, आणि ती कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत कोणत्या पदनामाकडे होती याचा तपशील.’ ‘विलंब का झाला?’ असे विचारू नका. कारण हे अभिलेखात नसते, म्हणून ते देता येत नाही असे उत्तर येते. तारखा अभिलेखात असतात.